दात घासल्यावर एक गोळी

यंदा आमच्याकडे आकाशकंदील नाही, फराळ नाही. वर्ष सरेपर्यंत सण करायचा नसतो, म्हणून घर गप्प आहे. शेजारून तळणीचा वास येतो, मुलं टिकल्या फोडतात, आणि मी यांच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी पूर्वीही दवाखान्याच्या आठवणी मागितल्या होत्या. तेव्हा मी चकल्यांची सबब सांगितली. "चकल्या मी करतो, तू लिही," असं हे म्हणाले होते, आणि त्यांच्या चकल्यांच्या भीतीनेच मी लिहायचं टाळलं. यंदा ती भीती उरली नाही.

हे माघात गेले. मी मुळातच सावकाश लिहिणारी. आता तर एक ओळ झाली की दुसरी सुचेपर्यंत अंगणातली सावली भिंतीला लागते. तेव्हा वाचकांनी क्रमाची अपेक्षा ठेवू नये. नोकरी कधी लागली, कायम कधी झाले, हे मलाच आता आठवून सांगावं लागेल. दवाखाना मात्र डोळे मिटले की समोर येतो.

विद्यापीठाच्या आवाराच्या कडेला एक जुना कौलारू बंगला होता. पुढे व्हरांडा, आत तीन खोल्या, आणि दारात शिरीषाचं मोठं झाड. उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत राहायच्या. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असत; शिपाई त्यांवर पाणी मारून गेला की खोलीत अंधूक, हिरवट, गार काहीतरी पसरायचं. त्यात मिक्श्चरचा ओव्याबडीशेपेसारखा वास मिसळलेला. दुपारी कोणी आलं नाही तर मी पुस्तक उघडून बसे. बाहेर नागपूरचं ऊन पांढरं होऊन उभं असे आणि मी कुठल्यातरी कादंबरीत पाऊस वाचत असे. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास तिथे गेले, आणि ऐंशी उलटल्यावर बाहेर पडले. मधली सगळी वर्षं एकच लांब दुपार होती असं आता वाटतं.

लोक विचारायचे, तरण्याताठ्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरला काम काय? काम भरपूर होतं. सर्दी, जुलाब, खरूज, सायकलवरून पडणं, आणि परीक्षेच्या तोंडावर येणारा तो प्रसिद्ध अशक्तपणा. पण खरं काम वेगळंच होतं. घरी असताना आजारपण आईचं असतं. मुलाने फक्त आडवं व्हायचं. पेज कधी, काढा कधी, अंगाला हात लावून ताप उतरला की नाही, सगळं तिच्या डोक्यात. वसतिगृहात आलं की पहिल्यांदाच स्वतःचं अंग स्वतःच्या ताब्यात मिळतं, आणि त्याचं काय करायचं ते कोणी शिकवलेलं नसतं. माझ्यासमोर बसलेली मुलं कलन सोडवत, कायद्याची कलमं धडाधड म्हणत. पण जिभेखाली ठेवायची गोळी गिळायची नसते, हे त्यांना समजावून सांगावं लागे.

माझ्या जोडीला मेश्राम होते. ते आमचे कंपाउंडर. मागच्या खोलीत त्यांचं राज्य. काचेच्या बाटलीत मिक्श्चर भरायचं, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीला चिकटवायची; एक खाच म्हणजे एक डोस. मेश्राम उंच, सावळे, हळू बोलणारे. बौद्ध झालेल्या कुटुंबातले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो त्यांनी स्वतः आणून लावलेला होता आणि त्याची काच ते रोज पुसत. मुलगे मला जे सांगू शकत नसत ते मेश्रामांना सांगत. मी बाई, त्यातून चष्मा लावणारी. कोणी लाजत मागच्या खोलीत शिरलं की मी पुस्तकात डोकं घालत असे. मग मेश्राम येऊन एवढंच म्हणत, "काही नाही बाई. भेव घेऊन बसलं होतं पोट्टं. समजावलं."

रंगाचीही एक गंमत होती. पोटाचं मिक्श्चर गुलाबी, खोकल्याचं तपकिरी. एकदा नवीन औषध आलं ते पांढरं होतं. ते घेऊन कोणालाच गुण येईना. मेश्राम म्हणाले, "बाई, पांढऱ्यावर पोट्ट्यायचा इश्वास नाही." त्यांनी त्यात रंगाचा थेंब टाकला आणि पुढच्या आठवड्यात सगळे बरे झाले. एका मुलाला तर छातीचा एक्स-रे फोटो काढल्यावर इतकं हलकं वाटलं, की पुन्हा दुखायला लागताच तो आणखी एक फोटो काढून द्या म्हणून आला.

लकडगंजच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा कायदा शिकत होता. मुलगा अंगाने दणकट, पण रोज अंथरुणात. बर्डीच्या बाजारातून त्याने थर्मामीटर विकत आणला होता. मला म्हणाला, ताप उतरतच नाही, रोज अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव म्हणजे ताप नाही. त्याला पटेना, मोजून निघतोय तर नाही कसा? काही नसतं तर पारा खालीच राहिला असता. शेवटी मी थर्मामीटर धुऊन स्वतःच्या तोंडात ठेवला आणि त्याच्यासमोर धरला. अठ्ठ्याण्णवाच्या थोडा वरच. तो बराच वेळ बघत राहिला. मग फार काळजीने म्हणाला, "मग बाई, तुम्ही ड्यूटीवर काहून आल्या?"

हे मी घरी सांगितलं तेव्हा हे इतके हसले की त्यांचा चहा सांडला. हे इतिहास शिकवत. दवाखान्यातल्या गोष्टी त्यांना रोज लागत, वर्तमानपत्रासारख्या.

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. क्षयाची मुलंही यायची. आता औषधं आहेत, तेव्हाही होतीच. पण ती वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, रोज घ्यावी लागत. पहिले दोन-तीन महिने सुया, मग नुसत्या गोळ्या. आणि दोनच महिन्यांत मुलाला भूक लागते, वजन वाढतं, खोकला थांबतो. बरं वाटतं. बरं वाटणं आणि बरं होणं यांत दहा-अकरा महिन्यांचं अंतर आहे, हे त्याला कसं पटवायचं? उन्हाळ्याच्या सुटीत काही मुलं गोळ्यांची पाकिटं घेऊन गावी जात. जुलैत मी व्हरांड्याकडे बघत असे. काही परत येत. काहींची नुसतीच बातमी येई. काहींची तीही नाही. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. ती स्वप्नात येतात तेव्हा धष्टपुष्ट असतात आणि मला ओळखत नाहीत.

मंदा ढोले आली ती एका पावसाळ्यात. सावनेरच्या पुढच्या एका खेड्यातली, कापूस पिकवणाऱ्या घरची. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करायला आली होती. त्या घरातली इतकं शिकणारी पहिलीच. वसतिगृहात प्रवेश घेताना आमच्याकडे तपासणी होई. तिच्या पाठीला नळी लावली आणि उजवीकडे वरच्या बाजूला मला नको ते ऐकू आलं. मोठ्या दवाखान्यात पाठवून फोटो काढला. तो फोटो मी खिडकीशी धरला तेव्हा ती माझ्या खांद्यामागून बघत होती.

"बाई, हे माझं आहे?"

"तुझंच."

"पानाच्या शिरांसारखं दिसतं," ती म्हणाली. मग त्या शिरांवरचा पांढरा डाग तिला दिसला. अंबाझरी तलावावर थंडीत सकाळी धुकं असतं, तसा तो डाग होता.

तिला हा जंतू माहीत होता. प्रॅक्टिकलला तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली बघितला होता. लाल रंगाने रंगवलेला, काडीसारखा. त्याची आकृतीही काढली होती, चांगली काढली होती. पण वहीतला जंतू आणि छातीतला जंतू यांची ओळख अजून झालेली नव्हती.

थुंकीत जंतू सापडले नाहीत, म्हणून वसतिगृहाने तिला ठेवून घेतलं. वरच्या मजल्यावर टोकाची खोली एकटीला दिली, ताट-वाटी वेगळी. मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी अट घातली: उन्हाळ्याच्या आत डाग कमी व्हायला हवा. नाही झाला तर दुसरी, कडक औषधं द्यावी लागतील, इस्पितळात राहावं लागेल, आणि वसतिगृह सोडावं लागेल. मंदाने ते शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, घरी गेली तर मी परत येणार नाही. बाबा चांगले आहेत. पण एकदा पोरगी घरी बसली की बसली." एवढं बोलून ती शिरीषाच्या खाली पडलेली शेंग उचलून तिच्यातल्या बिया बघू लागली.

दसऱ्यापर्यंत सुया चालल्या. रोज संध्याकाळी ती येई, मेश्राम सुई देत, ती दंड चोळत व्हरांड्यात थोडी बसे. मी तिला वाचायला पुस्तकं देई. ती परत आणताना पानांत एखादं वाळलेलं पान राहिलेलं असे, मुद्दाम की चुकून ते मी विचारलं नाही. तिचं वजन वाढलं. दुसऱ्या फोटोत धुकं विरळ झालं होतं. मग सुया संपल्या आणि नुसत्या गोळ्या राहिल्या. पाकिटावर मेश्रामांच्या ठसठशीत अक्षरात नेहमीची सूचना होती: रोज सकाळच्या जेवणानंतर एक गोळी. रिकाम्या पोटी त्या गोळीने मळमळतं, म्हणून जेवणानंतर. वसतिगृहात सकाळी कॉलेजला जाण्याआधी जेवण होतंच. आम्ही सगळ्यांना हेच लिहून देत आलो होतो.

संक्रांत झाल्यावर तिसरा फोटो आला. धुकं तिथेच होतं. थोडं जास्तच, असं छातीच्या डॉक्टरांना वाटलं. औषध लागू पडेनासं झालं असावं, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अजून दोन-अडीच महिने थांबू, मग बघू. मी मंदाला विचारलं, गोळ्या नियमित घेतेस ना? ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हो बाई. तुम्ही सांगितल्या तशा. एकही गोळी वाया घालवली नाही." ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी काहीच गंमत केली नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी ती पुस्तक बदलायला आली. मी डबा उघडून बसले होते, पोहे होते. मी झाकणात काढून तिच्यापुढे केले. तिने हात मागे घेतला.

"आज सोमवार आहे, बाई."

मी झाकण आपल्याकडे ओढलं आणि एक घास खाल्ला. मग सहज, खरोखर सहज विचारलं, "मग आज गोळी कधी घेणार?"

"आज कुठली?" ती म्हणाली. "जेवणच नाही, तर जेवणानंतरची कशी घेऊ?"

मी चमचा खाली ठेवला. रात्री उपास सोडल्यावर घेत नाहीस का, असं विचारलं. तिने समजावणीच्या सुरात सांगितलं, पाकिटावर सकाळच्या असं लिहिलंय ना. एकादशीला? नाही. चतुर्थीला? नाही. मार्गशीर्षातले गुरुवार झाले, तेही नाही. सोमवार तर तिच्या आईने तिच्याच प्रकृतीसाठी बोललेले. सोळा सोमवारांचं व्रत, मंदाने करायचं. आणि उरलेल्या गोळ्या? त्या ती पुढच्या दिवसांना वापरत होती. म्हणून एकही वाया गेली नव्हती.

म्हणजे बरं होण्यासाठी जो दिवस ठेवला होता, नेमका त्याच दिवशी औषध बंद होतं. ती चुकली नव्हती. तिने आमचा शब्द न् शब्द पाळला होता.

मागच्या दारात मेश्राम उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. हात पुसत ते पुढे आले आणि फार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काय वं मंदा, तुह्या जंतूले कोनं सांगतलं काय, आज सोमवार हाय म्हून?"

मंदा आधी हसली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. वहीतला तो लाल काडीसारखा जंतू त्या क्षणी तिच्या छातीत जाऊन बसला असावा. "तो खाऊन राहिला असेल," ती हळूच म्हणाली, "मी उपाशी होती तेव्हा." आणि ती रडायला लागली.

मी तिला म्हटलं, उपास सोड, आजपासून रोज गोळी घे. ती घेईना. आईचा नवस होता. मधेच मोडला आणि आईला काही झालं तर? एवढं शास्त्र शिकलेली मुलगी असं म्हणते म्हणून मला राग आला नाही. आमच्या घरीही मी दर मंगळवारी जेवत नव्हते, आणि का, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी एवढंच म्हटलं, आईला बोलावून घे.

आई आठवड्याच्या आत आली. एस. टी.ने, संत्र्यांची पिशवी घेऊन. ठेंगणी, कपाळभर कुंकू, पदर डोक्यावर घट्ट. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, मग मीच स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. काय झालं ते सगळं सांगितलं. गोळीचं, सोमवारचं, फोटोचं, उन्हाळ्याचं. तिने मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, आता रडेल किंवा देवाचं नाव घेईल. तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुमी सांगतलं जेवनानंतर, तिनं जेवनानंतर घेतली. पोरगी आयकते जी. उपासाले गोयी चालते, हे तिले कोनं सांगाव?"

बाहेर शिरीषाच्या शेंगा वाजत होत्या.

थोड्या वेळाने मी म्हटलं, व्रत मोडायचं नाही. उपासाला पाणी चालतं ना? गोळी पाण्याबरोबरच जाते.

"पानी चालते," ती म्हणाली. "पन उपाशीपोटी मळमळते ना तिले?"

"आधी काहीतरी तोंडात घालायचं. थोडंसं."

ती विचार करू लागली. बोटांवर मोजत म्हणाली, भगर चालते, साबुदाना चालते, शेंगदाने चालते, दूध चालते, रताळं चालते. मेश्राम खोकले. "मावशी, आमी रोज जेवतो त्याच्याहून जास्त हाय हे." ती पदराआड हसली आणि खोलीतलं काहीतरी सैल झालं.

जाताना दारात थांबून तिने मंदाच्या गालावरून हात फिरवला. "राह्यलेले सोमवार मी धरतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःलाही 'धरतो', 'करतो' असंच म्हणतात. "तुव्हं पोट आता भरलेलं पायजे. देवाले मी सांगतो."

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि मेश्राम पाकिटांचा गठ्ठा घेऊन बसलो. जेवण कधीही चुकू शकतं. मुलग्यांच्या मेसमध्ये रविवारी रात्री चूल पेटत नाही. मुलं सामोसे खाऊन झोपतात आणि सामोसा म्हणजे काही जेवण नव्हे, तेव्हा रात्रीच्या गोळीलाही सुटी. परीक्षेत चहावर दिवस काढतात. भांडण झालं की जेवत नाहीत, प्रेमात पडले की जेवत नाहीत. मग असं काय आहे जे एकादशीलाही होतं, रविवारीही होतं, नापास झाल्यावरही होतं? मी आंघोळ म्हटलं. मेश्रामांनी मान हलवली, थंडीत मुलग्यांचा काही भरवसा नाही म्हणाले. मग ते बेसिनकडे बघत राहिले.

"दात, बाई."

जुन्या सूचनेवर काट मारून त्यांनी नवी लिहिली: दात घासल्यावर एक गोळी, दोन घास खाऊन. रात्रीची असेल तर दिवा मालवण्याआधी. दोन घास कशाचेही, बिस्किट, भगर, कालची पोळी. एका मुलाने विचारलंच, मी दोनदा घासतो, मग? मेश्रामांनी त्याला उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही ओळ आवारात पसरली. मुलं एकमेकांना भेटली की विचारत, घासले काय रे? ज्याला कसलीच गोळी नव्हती तोही हो म्हणे. वेगळ्या ताट-वाटीच्या मुलीला मेसमध्ये आता कोणी टाळत नव्हतं. उलट सकाळी नळावर तिला चारचौघी विचारत, घासले का गं मंदा? लपवायची गोष्ट गमतीची झाली. मी नंतर मुलांना गोळी घेतली का असं विचारणं सोडून दिलं. काल काय खाल्लंस, कधी उठलास, घरी कोण कोण आहे, हे विचारू लागले. त्यातूनच सगळं कळे.

आणि आमच्या घरी. यांना तेव्हा कसलंही औषध नव्हतं. पण ही गोष्ट ऐकल्यापासून हे रोज सकाळी बेसिनपासून थेट स्वयंपाकघरात येत आणि माझ्यापुढे तळहात पसरत. "दात घासले." मी खडीसाखरेचा खडा ठेवी. कधी बडीशेप, कधी नुसताच एक शेंगदाणा. न हसता तोंडात टाकून पेपर वाचायला जात. किती वर्षं हे चाललं, मोजलं नाही. आमच्या मुलीचं लग्न झालं, माझी नोकरी संपली, यांचे केस पांढरे झाले, तळहात तोच.

मंदाचा चौथा फोटो एप्रिलच्या उन्हात आला. पाकीट उघडायचं धाडस मेश्रामांनी केलं. खिडकीची ताटी बाजूला सारली, फोटो धरला, आणि मंदा, मेश्राम, मी, आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. शिरा होत्या. धुकं नव्हतं असं नाही, पण त्यातून पलीकडचा किनारा दिसत होता. ती वसतिगृहात राहिली. पुढचं वर्षभर गोळ्या चालल्या, एम. एस्सी. झाली, आणि सावनेरला कॉलेजात शिकवायला लागली. मेश्राम तिच्या लग्नालाही गेले होते. आता तेही नाहीत.

गेल्या वर्षी हे आजारी पडले. रामदासपेठेतल्या इस्पितळात राहिले, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. घरी न्या याचा अर्थ मला कळला होता. बरोबर गोळ्या दिल्या. दुखू नये म्हणून. कोणा नवख्याच्या कोवळ्या अक्षरात पाकिटावर लिहिलेलं होतं: जेवणानंतर.

यांचं जेवण सुटलं होतं. मी मऊ भात करायची, तुपाची धार, वरणाचं पाणी. चमचा ओठांशी नेला की हे मान वळवत. मी वाट बघे. आणखी थोड्या वेळाने बघू म्हणे. गोळी माझ्या मुठीत असे, घामाने ओली होई. आयुष्यभर मी हेच काम केलं होतं, या गोळीला भात लागत नाही हे मला माहीत होतं. तरी मी भात घेऊन बसत होते. भात खाल्ला तर हे राहतील असं काहीतरी माझ्या मनात होतं. मधल्या वेळी यांच्या कपाळाला आठ्या पडत आणि मी आठ्यांकडे बघत भात ढवळत राही.

अशाच एका सकाळी मंदा आली. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा, हातात संत्र्यांची पिशवी, आईसारखीच. तिने माझ्या हातातली वाटी बघितली, टेबलावरचं पाकीट वाचलं. मग न्हाणीघरात गेली आणि कापसाचा बोळा ओला करून आणला.

"सर," ती यांच्या कानाशी म्हणाली, "दात घासून घेऊ."

तिने यांचे ओठ हळूच विलग केले आणि बोळ्याने एकेक दात पुसला, जिथे दात नव्हते तिथे हिरडी. खिडकीतून ऊन येत होतं. मग बोळा बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळली. "झाले, बाई."

यांचे डोळे मिटलेलेच होते. पण पांघरुणाखालून यांचा हात बाहेर आला, सावकाश उताणा झाला, आणि तळहात पसरून माझ्यापुढे थांबला.

मी वाटी खाली ठेवली आणि त्या तळहातावर गोळी ठेवली.